बंदुकीचा दस्ता आणि कायदा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना आश्चर्य वाटेल. शाळामास्तराने मुलांची वर्तने, व्याकरणाचे नियम किंवा फार तर गावच्या देवळाचा इतिहास सांगावा. त्याने बंदुकीच्या लाकडाविषयी बोलावे हे काहीसे विपरीतच. परंतु मी ज्या मांद्रे गावी राहतो, तो पेडणे तालुक्यातील गाव समुद्राच्या काठी असला तरी त्याची पाठ डोंगराला टेकलेली आहे. डोंगरावर काजू आहे, सखल भागात भात आहे, आणि ह्या दोहोंवर डोळा ठेवून असलेली रानडुकरे व माकडेही आहेत. अशा मुलखात घरातील बंदूक ही शौकाची वस्तू नसते. कोयता आणि कुदळ जेथे ठेवतात, त्याच्याच जरा वर, तुळईच्या आधाराने ती टांगलेली असते. दसऱ्याला शेजारच्या हिंदू घरी तिला हळदकुंकू लागते आणि आम्हा ख्रिस्ती शेजाऱ्यांची मुले ती पूजा दारात उभी राहून कुतूहलाने पाहतात. मीही पाहिलेली आहे.

बंदुकीचे दोन भाग डोळ्यांत भरण्यासारखे असतात. एक लोखंडी नळी आणि दुसरा तिला धरून ठेवणारा लाकडी दस्ता. नळी कारखान्यातून येते. ती एकदा झाली की झाली. दस्त्याचे तसे नाही. लाकूड तडकते, वाळवी लागते, पावसाळी हवेने फुगते. शिवाय एका माणसाच्या मापाचा दस्ता दुसऱ्याला बसत नाही. चापापासून बुडापर्यंतचे अंतर बहुधा चौदा इंचांच्या आसपास ठेवतात. पण आखूड हाताच्या माणसाला तेवढ्यात एक इंच जास्त वाटतो, आणि लांब मानेच्या माणसाचा गाल लाकडावर नीट टेकत नाही. म्हणून दस्ता तासावा, बुडाला रबराची गादी लावावी किंवा सगळाच नवा करून घ्यावा, असे बंदूक बाळगणाऱ्यास कधी ना कधी वाटतेच. हे करावयाचे झाल्यास कायदा काय म्हणतो, आणि तो तसे का म्हणतो, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. त्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

आपल्या भाषेत काडतूस आणि पिस्तूल हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे शब्दव्युत्पत्ती पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. परंतु देवघेव एकाच बाजूने झाली असे मानण्याचे कारण नाही. 1510 साली आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, तेव्हा येथे बंदुका घडविणारे कारागीर आधीच होते. 1513 मध्ये त्याने आपल्या राजाला जी पत्रे धाडली, त्यांत गोव्याच्या ह्या कारागिरांची तारीफ केली असून ते बोहेमियाच्या नामांकित कारागिरांच्या तोडीचे असल्याचा अभिप्राय दिला आहे. त्या काळी बोहेमियातील हत्यारांचा युरोपात दबदबा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या शिफारशीचे मोल कळते.

ह्या इंडो-पोर्तुगीज तोड्याच्या बंदुकीचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिचा दस्ता. युरोपात पुढे जो दस्ता रूढ झाला तो खांद्याला लावावयाचा, रुंद बुडाचा. पूर्वेकडील ह्या बंदुकीचा दस्ता मात्र आखूड असून तो गालाशी धरावा लागे. 1543 साली पोर्तुगीज व्यापारी एका चिनी गलबतातून जपानच्या तानेगाशिमा बेटाला लागले आणि तेथील सरदाराने त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या. त्यांवरून जपानी लोहारांनी ज्या बंदुका घडविल्या, त्यांचा दस्ता असाच आखूड, गालाशी धरावयाचा होता. आणि जपानने हे वळण पुढे तीन शतके सोडले नाही. म्हणूनच त्या पहिल्या बंदुका लिस्बनच्या नसून गोवा किंवा मलाक्का येथील घडणीच्या असाव्यात असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. नळी कोणत्याही देशाची असू शकते. ती कोणाच्या हातची, हे पुष्कळदा लाकडाच्या आकारावरून ओळखावे लागते.

आमच्या तळकोकणाचे नावही बंदुकीशी जोडलेले आहे. शिवाजी महाराजांच्या पायदळात घाटावरचे मावळे आणि कोकणातले हेटकरी असे दोन वर्ग असत. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने मावळ्यांची तलवारीसाठी आणि हेटकऱ्यांची अचूक नेमबाजीसाठी नोंद केली आहे. पेडणे महाल पुढे सावंतवाडीच्या भोसल्यांकडून 1788 साली पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत मोडू लागला. परंतु नकाशावरची रेघ बदलल्याने माणसांच्या सवयी बदलत नाहीत. सत्तरीच्या राण्यांची बंडे एकोणिसाव्या शतकात वरचेवर होत राहिली. 1852 साली दिपाजी राणे उठला. 1895 साली मोझांबिकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांच्या पाठीशी राणे उभे राहिले. रानात राहणाऱ्या आणि नेम धरणाऱ्या माणसाच्या हाती बंदूक असणे म्हणजे काय, हे पणजीच्या राज्यकर्त्यांना अशा प्रसंगांतून चांगलेच उमगले होते.

शेजारच्या इंग्रजी मुलखाने हा धडा 1857 मध्ये घेतला. पुढे 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदी हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा त्याने गुन्हा ठरविला; परंतु युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना त्यातून मोकळीक दिली. एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोन माणसांपैकी कातडीच्या रंगावरून एकाने परवाना दाखवावा आणि दुसऱ्याने दाखवू नये, हा त्यातील डंख होता. 1887 च्या मद्रास काँग्रेसने ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि पुढे कित्येक वर्षे ही तक्रार राष्ट्रीय मागण्यांत राहिली.

स्वतंत्र भारताने जुना कायदा रद्द करून 1959 चा शस्त्र अधिनियम केला आणि तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला होता. म्हणजे नवा कायदा देशात सुरू झाला तेव्हा आमच्या मुक्तीला साडेनऊ महिनेही पुरते झाले नव्हते. गोव्याच्या शेतकऱ्याला पोर्तुगीज परवान्यांच्या जागी भारतीय परवाना घ्यावा लागला तो ह्याच पद्धतीचा. शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असणाऱ्याकडे, तसेच संरक्षणासाठी किंवा खेळासाठी निदान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याकडे ह्या कायद्याने काहीशा उदार दृष्टीने पाहिले. ठासणीच्या बंदुकीने पिकाचे रक्षण होत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याचीही त्यात सोय आहे. पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या बागायतदाराला हे कलम जवळचे वाटावे यात नवल नाही.

आता दस्त्याकडे वळू. शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम सांगते की, परवान्यावाचून कोणीही बंदुकीची नळी आखूड करू नये. 2019 च्या दुरुस्तीने त्यात भर घालून, एका वर्गातील हत्याराचे दुसऱ्या वर्गातील हत्यार करण्यासही मनाई केली. ह्या कलमात नळीचे नाव आहे, दस्त्याचे नाही. अमेरिकेचा कायदा येथे वेगळा आहे. तेथील 1934 च्या कायद्यान्वये छर्ऱ्यांच्या बंदुकीची नळी अठरा इंचांपेक्षा कमी असून चालत नाही, आणि शिवाय सगळ्या बंदुकीची लांबी सव्वीस इंचांहून कमी झाली तरी ती निषिद्धप्राय वर्गात जाते. त्यामुळे तेथे दस्ता कापणारालाही फूटपट्टी हाती घ्यावी लागते. ब्रिटनने 1937 च्या कायद्यात नळीची मर्यादा वीस इंच ठेवली होती. 1965 साली ती चोवीस केली. आपल्याकडील वीस इंचांचा आकडा त्या जुन्या ब्रिटिश आकड्याशी जुळतो. आखूड बंदूक कोटाखाली लपते आणि लांब बंदूक लपत नाही, हे ह्या सगळ्या इंचांमागचे साधे कारण होय.

मग दस्ता हवा तसा करावा, असा कोणी अर्थ काढील. तो काढण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

पहिली गोष्ट काम कोणी करावयाचे ही. अधिनियमाचे पाचवे कलम म्हणते की, परवान्यावाचून कोणीही बंदूक बनवू नये, विकू नये, तिचे रूपांतर किंवा दुरुस्ती करू नये. इतकेच नव्हे, तर दुरुस्तीसाठी ती आपल्याजवळ ठेवूही नये. मालकाचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. दुरुस्त करण्याचा परवाना हा निराळा, आणि तो कारागिराजवळ असावा लागतो. 2019 नंतर पाचव्या आणि सहाव्या कलमाचा भंग करणाऱ्यास कमीत कमी सात वर्षे आणि अधिकात अधिक जन्मठेप इतकी शिक्षा आहे. गावातला उत्तम सुतार हा उत्तम सुतारच असतो. कायद्याच्या लेखी तो बंदूक दुरुस्त करणारा नव्हे.

दुसरी गोष्ट बंदूक नेण्याआणण्याची. मालक आजारी असेल, म्हातारा असेल, तर त्याने बंदूक मुलाच्या हाती द्यावी काय? कायद्याने येथे माणुसकी दाखविली आहे. तिसऱ्या कलमातील सवलतीनुसार, परवानाधारक बरोबर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो. ते पत्र मात्र खरोखर लिहिलेले असावे. तोंडी निरोपाने भागत नाही.

तिसरी गोष्ट खुणेची, आणि सर्वांत अधिक लोक फसतात ते येथेच. आठव्या कलमान्वये बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची कोणतीही खूण पुसणे, काढणे वा बदलणे निषिद्ध आहे. ती खूण लोखंडावरच असली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. बंदुकीवर ती ठोकलेली वा अन्य प्रकारे दाखविलेली असणे पुरे आहे. आणि ज्याच्या ताब्यातील बंदुकीची खूण पुसलेली आढळेल, त्यानेच ती पुसली असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे दाखविण्याचा भार त्याच्यावर पडतो. इतर गुन्ह्यांत फिर्यादीने आरोप सिद्ध करावयाचा असतो. येथे निर्दोषत्वाचा पुरावा मालकाने द्यावयाचा.

ह्या तिसऱ्या गोष्टीमुळे माझ्या आठवणीतले एक प्रकरण सांगावेसे वाटते. मी शाळकरी होतो त्या वेळचे ते आहे. आमच्या वाड्यापासून थोड्या अंतरावर एक वृद्ध काजूबागायतदार राहत. आम्ही मुले त्यांना आजोबाच म्हणत असू. त्यांची एकनळी बाराबोरची बंदूक वडिलोपार्जित होती. बाराबोर म्हणजे काय, हे मला प्रथम त्यांनीच समजावून सांगितले: एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी. एका पावसाळ्यात बंदुकीचा दस्ता मनगटाशी तडकला. दस्त्याच्या बुडाशी एक लहान पितळी पट्टी होती आणि तिच्यावर क्रमांक कोरलेला होता. नळीवरचा आकडा खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्ला होता.

आजोबांनी बंदूक गावातल्या एका मेस्ताकडे दिली. मेस्ताचा हात चांगला. त्याने जुन्या फणसाच्या फळीतून दस्ता काढला, आजोबांच्या खांद्याला लावून लावून तो तासला आणि तेल पाजून इतका गुळगुळीत केला की हात फिरवीत बसावे. बंदूक तीन दिवस त्याच्या पडवीत होती. जुने तडकलेले लाकूड त्याच्या घरच्या चुलीत गेले आणि त्याबरोबर ती पितळी पट्टीही गेली. तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा कचेरीतल्या माणसाने बंदूक उलटीसुलटी करून क्रमांक विचारला. क्रमांक कोठेच नव्हता. आजोबा म्हणाले, "मी नळी बदलली नाही हो, लाकूड तेवढे नवे केले." त्यावर त्याने सरळ प्रश्न केला: "कोणी केले?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाचा पेच त्या वयात मला कळला नाही. तो पुढे कायद्याचे पुस्तक वाचताना कळला. क्रमांक आपण पुसला नाही हे सिद्ध करावयाचे, तर आजोबांना मेस्ताची साक्ष हवी होती. तो एकटाच सांगू शकला असता की पट्टी जुन्या लाकडावर होती आणि अजाणता चुलीत गेली. पण ही साक्ष देणे म्हणजे, परवान्यावाचून आपण बंदूक दुरुस्तीसाठी घरात ठेवली, हे त्याने आपल्या तोंडाने कबूल करणे. एकाची सुटका ही दुसऱ्याची अडचण होती. मेस्ताला ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. आजोबांनी एका वकिलाकडून सारे समजून घेतले होते.

आजोबांनी नाव सांगितले नाही. "जुन्या माणसाच्या हातून मोडले, जुन्या माणसाने जोडले," एवढेच ते म्हणत. काही महिने खेटे घातल्यावर त्यांनी नूतनीकरणाचा नाद सोडला आणि बंदूक कायमची जमा केली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले नाही, हे त्यांचे आणि मेस्ताचे भाग्य. पुढल्या हंगामात ते पत्र्याचा डबा बडवीत रात्री बागेत बसत. तो आवाज आमच्या घरापर्यंत येई. माझी आई म्हणे, "आजोबा जागे आहेत."

मेस्ताला खरी हकीकत कित्येक वर्षांनी कळली, तीही आजोबांच्या मृत्यूनंतर. तो काही बोलला नाही. गावात कोणी बंदुकीचे लाकूड घेऊन आला की तो हात धुवून बाहेर येई आणि म्हणे, "हे काम माझे नव्हे. शहरात परवानेवाला आहे, त्याच्याकडे ने. आणि जुने लाकूड फेकू नको."

मेस्ताचा हा सल्ला आजच्या बंदूकधारकालाही पुरेसा आहे. दस्ता बदलण्यापूर्वी बंदुकीवरचे सगळे आकडे आणि खुणा परवान्याशी ताडून पाहाव्यात आणि उजेडात छायाचित्र घेऊन ठेवावे. आकडा अस्पष्ट असेल तर काम सुरू होण्यापूर्वीच परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास लेखी कळवावे. नंतर कळविण्याला निराळा वास येतो. काम परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडेच द्यावे, त्याची पावती घ्यावी आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक व केलेले काम लिहून घ्यावे. जुना दस्ता परत मागावा.

लाकडाविषयीही दोन शब्द. आपल्याच परसातला साग किंवा शिसव तोडून त्याचा दस्ता करावा असे कोणाला वाटल्यास, गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि झाड आपल्या जमिनीतले असले तरी ते तोडण्यास परवानगी लागते, हे त्याने विसरू नये. जुन्या दस्त्यावर हस्तिदंताची नक्षी असेल किंवा बुडाला सांबराचे शिंग बसविलेले असेल, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. असल्या वस्तू विकणे किंवा नव्याने मिळवून बसविणे हा निराळाच गुन्हा होईल. आणि बंदूक पिकाच्या राखणीसाठी दिलेली असली, तरी रानडुकराला मारण्याची मुभा त्या परवान्यात नसते. ती परवानगी वन्यजीव कायद्याखाली स्वतंत्र मागावी लागते.

कोणी म्हणेल, एका लाकडासाठी एवढे सायास कशाला? कायदा येथे गरीब शेतकऱ्याला जाचतो, ही तक्रार मी अगदीच खोटी म्हणणार नाही. परवानाधारक कारागीर तालुक्याच्या गावीही नसतो, आणि बसभाडे, दिवसाची मजुरी, खेटे ह्यांचा हिशेब कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. 1878 च्या कायद्याने माणसाची कातडी पाहिली. आजचा कायदा सर्वांना सारखा आहे, ही लहान गोष्ट नव्हे. पण सर्वांना सारखा असलेला कायदा सर्वांना सारखाच ठाऊकही असला पाहिजे. आजोबांना तो उशिरा कळला आणि मेस्ताला त्याहून उशिरा. दोघेही सज्जन होते, दोघांचाही हेतू निर्मळ होता, आणि तरी एकाची बंदूक गेली व दुसरा केवळ शेजाऱ्याच्या मौनामुळे वाचला.

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ज्या भूमीतल्या कारागिरांनी घडविलेल्या दस्त्याचे वळण दूरच्या जपानने उचलले, त्या भूमीत आज सुताराने दस्त्याला हात लावू नये असे मला सांगावे लागते, ह्याचे मला वाईट वाटते. ग्रामपंचायतीने किंवा शेतकऱ्यांच्या एखाद्या संस्थेने वर्षातून एकदा परवानाधारक कारागीर गावी बोलावण्यासाठी अधिकाऱ्यांची रीतसर संमती मिळविली, तर हा पेच बराच सैल होईल. तोवर ज्यांच्या घरी तुळईला बंदूक टांगलेली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ती खाली काढावी, पुसावी, आणि तिच्यावरचा आकडा वाचता येतो की नाही तेवढे पाहावे.